यादीतल्या यादीची सजावट: सीएसएस सिलेक्टरांच्या प्रश्नाचा आढावा

यादीच्या पोटात यादी घालण्याची सोय एचटीएमएलमध्ये फार पूर्वीपासून आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१च्या सुमारास टॅगांची जी पहिली जंत्री केली तिच्यात यूएल आणि एलआय होते. मेनू आणि डिर नावाचे आणखी दोन याद्यांचे टॅगही होते. क्रमांकित यादीचा ओएल थोडा मागाहून आला. या याद्या पडद्यावर कशा दिसाव्यात, आतली यादी बाहेरचीपेक्षा वेगळी कशी ओळखू यावी, आणि तीच यादी संकेतस्थळाचा मेनू झाली की तिने कसे उघडावे-मिटावे, यावर गेली तीसेक वर्षे चर्चा चालू आहे. तिच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: सजावटीचा नियम रचनेवर बेतावा की नावावर? (पुढे टॅगांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, कोडात ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.)

रचना

आतली यादी ही बाहेरच्या यादीतल्या एखाद्या नोंदीचा भाग असते. म्हणून आतला यूएल बाहेरच्या एलआयच्या आत हवा. यूएलच्या थेट पोटात दुसरा यूएल ठेवणे नियमाबाहेर आहे. ही चूक फार जुनी आणि आजही सर्रास दिसणारी: एलआय आधी बंद करायचा आणि मग खाली नवा यूएल सुरू करायचा. पडद्यावर बहुधा काही बिघडत नाही, पण कोणती उपयादी कोणत्या नोंदीची हे नाते तुटते आणि त्या नात्यावर आधारलेला प्रत्येक सिलेक्टर फसतो.

नमुन्यासाठी माळव्यातल्या पवार घराण्याची वंशावळ सोयीची आहे. बुवाजी पवारांचे दोन पुत्र, काळोजी आणि संभाजी. काळोजींच्या पुत्रांपैकी तुकोजी आणि जिवाजी यांच्यापासून देवासच्या दोन गाद्या निघाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. संभाजींचे पुत्र उदाजी, आनंदराव आणि जगदेव. धारची गादी आनंदरावांच्या वंशात राहिली. त्यांचे पुत्र यशवंतराव १७६१मध्ये पानिपतावर पडले. १९४८मध्ये ही तिन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. बुवाजींपासून यशवंतरावांपर्यंत ही यादी चार पातळ्यांची होते आणि पुढे चर्चिलेल्या बहुतेक अडचणी तिच्यात सापडतात.

सिलेक्टरांची वाढ

हॉकोन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४मध्ये सीएसएसचा प्रस्ताव मांडला आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली पातळी शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात वंशज सिलेक्टर होता: ‘यूएल एलआय’ असे मधे मोकळी जागा सोडून लिहिले की यूएलच्या आत कितीही खोल असलेला प्रत्येक एलआय निवडला जातो. ‘यूएल यूएल एलआय’ लिहिले की दुसऱ्या पातळीपासून खालचे सगळे. ‘फक्त पहिली पातळी’ सांगण्याची सोय मात्र नव्हती. ती १२ मे १९९८ला आलेल्या सीएसएसच्या दुसऱ्या पातळीत मिळाली. तिथे ‘>’ हे चिन्ह थेट अपत्य निवडते आणि ‘+’ लगतचे पुढचे भावंड. कोणत्याही घटकावर चालणारा होव्हर आणि आपोआप क्रमांक देणारे काउंटरही त्याच पातळीतले.

कागदावर आलेले ब्राउझरात यायला मात्र वेळ लागला. २००१चा इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा त्या काळी सर्वाधिक चालणारा ब्राउझर. त्याला ‘>’ कळत नव्हते आणि होव्हर फक्त दुव्यांवर चालत असे. २००६ अखेर आलेल्या सातव्या आवृत्तीने ही उणीव भरून काढली. मधल्या पाच वर्षांत संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी ज्या सवयी लावून घेतल्या त्या पुढे दशकभर टिकल्या. लांबलचक वंशज सिलेक्टरांची आवड त्यातलीच. तिसऱ्या पातळीचे सिलेक्टर २९ सप्टेंबर २०११ रोजी शिफारस झाले आणि एनथ-चाइल्ड, नॉट यांसारखी साधने अधिकृत ठरली.

वारसा आणि गळती

आतल्या याद्यांच्या बहुतेक तक्रारी दोन कारणांनी होतात आणि ती कारणे नेहमी एकमेकांत मिसळली जातात. पहिले, सिलेक्टर हवे त्यापेक्षा खोल पोहोचतो. दुसरे, सिलेक्टर बरोबर थांबतो, पण गुणधर्म वारशाने खाली उतरतो.

वंशावळीत फक्त काळोजी आणि संभाजी यांच्या नोंदींना डावीकडे रेघ हवी असेल आणि नियम वंशज सिलेक्टरने लिहिला, तर रेघ यशवंतरावांपर्यंत सगळ्यांना मिळते. ‘>’ वापरले की ती दोघांपुरतीच राहते. रेघेऐवजी रंग दिला तर मात्र ‘>’ वापरूनही रंग खाली झिरपतो, कारण रंग वारशाने मिळणारा गुणधर्म आहे आणि रेघ, पार्श्वभूमी, समास हे तसे नाहीत. उपाय म्हणजे आतल्या पातळीला तिचा रंग स्वतंत्र सांगणे. सिलेक्टर कितीही अचूक केला तरी वारसा त्याने अडत नाही, ही साधी गोष्ट पुष्कळ पाठ्यपुस्तकांत पुरेशी ठसवलेली नसते.

याच्या उलटही घडते. बाहेरच्या यूएलवर ‘लिस्ट-स्टाइल: नन’ लिहून ठिपके काढले तरी आतल्या यादीला पोकळ गोल दिसतच राहतात. कारण ब्राउझरच्या स्वतःच्या नियमपत्रात पहिल्या पातळीला भरीव ठिपका, दुसरीला पोकळ गोल आणि तिसरीला चौकोन असे आतल्या यूएलला थेट लागू होणारे नियम आहेत. थेट नियम, मग तो ब्राउझरचा का असेना, वारशाने आलेल्या मूल्यावर मात करतो.

अक्षरांच्या आकाराचे दुखणे वेगळे. एलआयला ०.९ एम आकार दिला की तो प्रत्येक पातळीवर पुन्हा गुणला जातो: १६ पिक्सेलचे १४.४, मग १२.९६, मग ११.६६ आणि चौथ्या पातळीला साडेदहाच्या आत. धारच्या शाखेतले यशवंतराव वाचायला भिंग लागेल. मूळ आकाराशी बांधलेले रेम हे एकक वापरले की गुणाकार थांबतो. समासाचेही तसेच. ब्राउझर प्रत्येक पातळीला सहसा ४० पिक्सेल आत सरकवतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर चार पातळ्यांत १६० पिक्सेल रिकामे जातात.

रचनेवर बेतणाऱ्यांची बाजू

पहिल्या मताचे लोक म्हणतात की एचटीएमएल स्वच्छ असावे आणि नोंदीचे स्थानच तिची ओळख असावी. वंशावळीत बुवाजींना एक क्लास आणि काळोजींना दुसरा असे लिहीत बसण्याचे कारण नाही. पातळी रचनेतच दिसते. मार्क न्यूहाउस यांचा २००२चा याद्यांना वळण लावण्यावरचा लेख आणि एरिक मायर यांचे केवळ सीएसएसवर चालणारे मेनू यांनी ही वाट रूढ केली. मजकूर लिहिणारा माणूस वेगळा आणि सजावट करणारा वेगळा असेल, तर तिचा फायदा निर्विवाद आहे: संपादकाने साधी यादी टंकली की ती आपोआप सजते.

वंशवृक्षाच्या जोडरेषा हे या पद्धतीचे सर्वांत देखणे उदाहरण. प्रत्येक एलआयच्या मजकुराआधी बिफोर हा आभासी घटक ठेवून आडवी रेघ, डाव्या कडेला उभी रेघ, आणि लास्ट-चाइल्डला उभी रेघ अर्ध्यावर तोडायची, म्हणजे शेवटच्या भावानंतर ती लोंबकळत नाही. एकही क्लास न लिहिता सगळा वृक्ष उभा राहतो.

अलीकडे या बाजूला हॅज या सिलेक्टरने मोठे बळ दिले. ज्या एलआयच्या पोटात यूएल आहे त्यालाच बाण दाखवा, असे सीएसएसला पूर्वी सांगताच येत नसे, कारण सिलेक्टर वरून खाली पाहत असे, खालून वर नाही. त्यामुळे वर्डप्रेससारख्या प्रणाली अशा नोंदींना ‘मेनू-आयटम-हॅज-चिल्ड्रन’ असा क्लास स्वतःच चिकटवत आल्या. मार्च २०२२मध्ये सफारी, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रोम आणि डिसेंबर २०२३मध्ये फायरफॉक्सने हॅज स्वीकारला आणि ती गरज संपली.

नावावर बेतणाऱ्यांची बाजू

दुसरे मत अनुभवातून आले. मोठ्या संकेतस्थळात ‘#मेनू यूएल यूएल एलआय ए’ असा नियम एकदा लिहिला की त्याचे वजन, एक आयडी आणि चार टॅग, पुढच्या प्रत्येक नियमाला ओलांडावे लागते. मग आणखी लांब सिलेक्टर, शेवटी ‘इम्पॉर्टंट’चा मारा. निकोल सलिव्हन यांची ओओसीएसएस, यांडेक्स कंपनीत घडलेली बीईएम आणि जोनाथन स्नूक यांची २०११ची एसएमएसीएसएस या पद्धतींनी सांगितले की प्रत्येक घटकाला स्वतःचे नाव द्या आणि सिलेक्टर एका क्लासपुरता ठेवा. २०१७मध्ये आलेल्या टेलविंडने हाच विचार टोकाला नेऊन सजावट थेट क्लासांच्या यादीत आणली.

देवासच्या उदाहरणात या मताचे बळ दिसते. थोरल्या पातीला केशरी आणि धाकटीला हिरवा रंग द्यायचा आहे. तुकोजी पहिले लिहिले म्हणून फर्स्ट-चाइल्ड वापरले, तर काम होते. उद्या कोणी काळोजींचे आणखी एक पुत्र कृष्णाजी यांची नोंद सर्वांत वर घातली की केशरी रंग त्यांना मिळतो आणि थोरली पाती बिनरंगाची होते. थोरली असणे हा यादीतल्या क्रमाचा गुण नाही, तो इतिहासाचा आहे. असे अर्थ सिलेक्टरला कळत नाहीत. ते नावानेच सांगावे लागतात.

या मताची किंमतही आहे. एचटीएमएल क्लासांनी भरते, आणि संपादकाने साध्या लेखनपेटीत टंकलेल्या यादीला ते क्लास मिळतच नाहीत. म्हणून नावांचा कट्टर पुरस्कर्ताही लेखाच्या मजकुरातल्या याद्यांसाठी रचनेचेच सिलेक्टर ठेवतो, हे बहुतेक मोठ्या संकेतस्थळांचा कोड उघडून पाहिला की दिसते.

मधला मार्ग

सॅस (२००६) आणि लेस (२००९) या पूर्वप्रक्रियकांनी नियमाच्या आत नियम लिहिण्याची सोय दिली आणि याद्यांसाठी ती अतिशय लोकप्रिय झाली. लिहायला सोपी, पण धोकादायक: कोडात चार कंस आत गेले की सिलेक्टरही चार पायऱ्यांचा होतो आणि वजनाचे जुने दुखणे परत येते. २०२३मध्ये ही सोय थेट ब्राउझरांत आली. तिच्यात आणि सॅसमध्ये एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. ब्राउझरमधले ‘&’ हे इझ या सिलेक्टरसारखे वागते, म्हणून पालक सिलेक्टरांच्या यादीतले सर्वांत जड वजन सगळ्यांना लागते; शिवाय ‘&’ला पुढे अक्षरे जोडून नवे क्लासनाव बनवता येत नाही. बीईएमवाल्यांना हे दुसरे फार खुपले.

वेअर या सिलेक्टरने वजनाचा प्रश्नच वेगळ्या बाजूने सोडवला. त्याच्या कंसात काहीही लिहा, वजन शून्य. पातळ्यांचे मूळ नियम वेअरमध्ये लिहून ठेवले की नंतर एक साधा क्लास त्यांना सहज बाजूला सारतो. २०२२चे लेयर हेच काम थरांनी करते. स्कोप हा नियम त्याहून थेट आहे: कुठून सुरू व्हायचे आणि कुठे थांबायचे हे दोन्ही सांगता येते, म्हणजे ‘वंशावळीत, पण टिपांच्या यादीच्या आत नाही’. क्रोमने तो २०२३मध्ये आणि सफारीने २०२४मध्ये घेतला. फायरफॉक्सला त्यासाठी आणखी वेळ लागला.

यादी मेनू होते तेव्हा

मेनूचा इतिहास २००३च्या सकरफिश मेनूपासून सांगण्याची प्रथा आहे. पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी साध्या आतल्या यादीवर होव्हर लावून उपमेनू उघडून दाखवला. जुन्या एक्सप्लोररसाठी चिमूटभर जावास्क्रिप्ट होव्हरऐवजी क्लास लावत असे. युक्ती चालते, कारण आतल्या नोंदीवर माउस असला तरी बाहेरचा एलआयही होव्हर अवस्थेत मानला जातो. इथेही वंशज आणि अपत्य यांचा फरक निर्णायक: ‘एलआय:होव्हर यूएल’ लिहिले की खालच्या सगळ्या पातळ्या एकदम उघडतात, ‘एलआय:होव्हर > यूएल’ एकच उघडतो. ‘>’ न कळणाऱ्या ब्राउझरसाठी खोलच्या पातळ्या वेगळ्या नियमाने पुन्हा लपवाव्या लागत. सकरफिशची सुधारित आवृत्ती उपमेनू डिस्प्ले नन न करता पडद्याबाहेर ९९९ एम डावीकडे ढकलत असे, म्हणजे स्क्रीन रीडरला तो ऐकू येई.

स्पर्शाचे मोबाइल आले आणि होव्हरचा पाया हलला. बोटाला ‘वर येऊन थांबणे’ माहीत नसते. कळफलकावर चालणाऱ्यांसाठी फोकस-विदिन २०१७पासून मिळाला, पण त्यानेही अडचण पूर्ण सुटत नाही. टॅब दाबत जाणाऱ्याला प्रत्येक उपनोंदीतून जावे लागते आणि एस्केपने मेनू मिटवता येत नाही. २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी होव्हर किंवा फोकसने उघडणाऱ्या मजकुराला तीन अटी घातल्या: तो बंद करता यावा, त्यावर माउस नेता यावा, आणि तो आपोआप नाहीसा होऊ नये. पहिली अट निव्वळ सीएसएसने पाळणे जवळपास अशक्य आहे.

भारतात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९मध्ये आली, २०१८ आणि २०२३मध्ये सुधारली, आणि त्यांनी डब्ल्यूसीएजीच पायाभूत मानले. जिल्ह्याच्या संकेतस्थळाचा मेनू ही मुळात खोल यादी असते. धार जिल्ह्याखाली बदनावर, सरदारपूर, कुक्षी, मनावर या तहसिली, देवासखाली सोनकच्छ, बागली, कन्नौद, खातेगाव. प्रत्येकीखाली कार्यालये आणि सेवा. तहसिलीपर्यंत होव्हरने पोहोचताना माउस थोडा तिरका गेला की मेनू मिटतो, हा अनुभव कोणाही नागरिकाला ओळखीचा असेल.

आता स्वीकारले गेलेले उत्तर म्हणजे उघड-मीट करणारे बटण. दुव्याशेजारी बटण, त्यावर उपमेनू उघडा की मिटलेला हे स्क्रीन रीडरला सांगणारा एरिया-एक्सपांडेड हा गुणधर्म, आणि सीएसएसमध्ये ‘ते ट्रू असलेल्या बटणालगतचा यूएल दाखव’ असा गुणधर्माचा सिलेक्टर. त्यामुळे डोळ्यांना दिसणारी आणि स्क्रीन रीडरला सांगितली जाणारी अवस्था कधी वेगळी होत नाही; केवळ दिसण्यासाठी लावलेल्या क्लासपेक्षा हे नक्कीच चांगले. चालू पानासाठी एरिया-करंट याच तत्त्वावर चालतो. एरियामधली मेनू ही भूमिका संकेतस्थळाच्या दिशादर्शनाला लावावी का, यावर बराच वाद झाला. एड्रियन रोझेली यांच्यासारख्या जाणकारांनी २०१७पासून तिला विरोध केला, कारण ती भूमिका संगणकी प्रणालींच्या मेनूसाठी आहे, बाणांच्या कळांनी चालण्याची अपेक्षा निर्माण करते आणि दुव्यांची साधी यादी झाकते. आज कल विरोधकांकडे आहे.

देवनागरीतल्या अडचणी

रोमन लिपीतल्या मेनूत पातळी दाखवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे वरची पातळी मोठ्या अक्षरांत. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरे नाहीत, म्हणून तो नियम मुकाट्याने निष्फळ ठरतो आणि इंग्रजी पानावर स्पष्ट असलेली उतरंड हिंदी-मराठी पानावर सपाट होते. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची दुसरी युक्ती तर शिरोरेखाच तोडते. उरतात समास, जाडी, आकार आणि रंग. ‘लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभाग’ अशी नावे जुन्या १० एम रुंदीच्या उपमेनूत एका ओळीत मावत नाहीत, आणि ओळीची उंची आवळलेली असेल तर दुसऱ्या ओळीच्या मात्रा पहिलीच्या उकारांना भिडतात.

क्रमांकांच्या बाबतीत मात्र सीएसएसने लिपीची चांगली सोय केली आहे. देवनागरी ही अंकशैली ठरलेल्या शैलींत आहे, आणि काउंटर्स हे फलन प्रत्येक पातळीचा क्रमांक बिंदूने जोडते. बुवाजी १, काळोजी १.१, संभाजी १.२, आनंदराव १.२.२, यशवंतराव १.२.२.१ असे सगळे आपोआप. दस्तऐवजांतली ‘अ, ब, क, ड’ ही रूढ मालिका वर्णमालेच्या क्रमाची नसून इंग्रजीच्या वळणाची आहे, त्यामुळे ती कोणत्याही तयार शैलीत सापडणार नाही. काउंटर-स्टाइल या नियमाने ती स्वतः रचता येते. हा नियम फायरफॉक्समध्ये २०१४पासून आहे, क्रोममध्ये २०२१ आणि सफारीत २०२३ला आला.

अनिर्णित

काही गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. लिस्ट-स्टाइल नन केले की सफारी त्या यादीला स्क्रीन रीडरपुढे ‘यादी’ म्हणणेच सोडते. याद्यांचा अतिरेक ऐकणाऱ्याला त्रास देतो, असे त्यामागचे समर्थन आहे. दिसणे बदलले म्हणून अर्थ बदलू नये, असा प्रतिवाद. नॅवच्या आतल्या याद्यांना सूट आहे, इतरांना रोल लिहून अर्थ परत द्यावा लागतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि कोणीही मागे हटलेले नाही.

जावास्क्रिप्टशिवाय मेनू शक्य आहे का, हा जुना प्रश्न पॉपओव्हर आणि अँकर पोझिशनिंग या नव्या साधनांनी पुन्हा उघडला आहे. एस्केपने मिटणे पॉपओव्हरमध्ये अंगभूत आहे, त्यामुळे डब्ल्यूसीएजीची ती अवघड अट एचटीएमएलच पाळू शकते. मात्र अनेक पातळ्यांच्या मेनूत ती कितपत सुखाने चालते, याचा अनुभव अजून थोडा आहे.

सीएसएसने निर्माण केलेले क्रमांक हा तिसरा मुद्दा. ते पानावर दिसतात, पण मजकूर निवडून नकलता येत नाहीत, आणि मध्येच नोंद वाढली की सगळे बदलतात. वंशावळीत हे चालते. ‘कलम ३.२.१ नुसार’ असा हवाला पुढे कोर्टात किंवा कार्यालयात दिला जाणार असेल, तिथे आजही क्रमांक मजकुरातच टंकलेला बरा.